जमिनीची धूप

आमच्या उताराच्या शेतातून बाहेर पडणारं पाणी आज ओंजळीत धरलं. नितळ होतं, मातीचा कण नाही.

घरातली पहिली पदवी माझी, तीही भूगोलाची. पहिल्या वर्षीच आईला ऐटीत सांगितलं होतं, "आपल्या जमिनीची धूप होतेय."

"जमिनीला कशाला धूप? तो देवापुढं लावतात."

पाण्याबरोबर माती वाहून जाते, असं समजावलं तशी ती हसली. "मग तसं म्हण की. म्हणून तर दर वर्षी दगडांचा बांध घालते मी."

परीक्षेत उपाय विचारले, तेव्हा तिचाच बांध लिहिला. पदवीचा मला अभिमान आहेच, पण तिच्यात आईचे थोडे दगड आहेत.

ओंजळ आईपुढं धरली. "बघ, धूप थांबली."

"थांबली ना? मग तो सरकलेला दगड नीट लाव."