ओलं फडकं

घाटात एक वृद्ध गृहस्थ जुन्या गाडीचं बॉनेट उघडून उभे होते. पेट्रोल खेचणाऱ्या पंपावर ओलं फडकं टाकलेलं होतं.

"तापल्यावर बंद केली की लगेच सुरू होत नाही. निवू द्यायची," ते मला म्हणाले.

बाबांचीही गाडी अशीच होती. मी कॉलेजात असताना एकदा ती याच घाटात, भर उन्हात अडली. बाबांनी स्वतःचं प्यायचं पाणी फडक्यावर ओतलं. "पाच मिनिटं थांब रे," म्हणाले. तेवढ्यात मित्रांची जीप आली. मला त्या खटाऱ्याची लाज वाटली आणि मी जीपमध्ये चढलो. यंत्राला विसावा द्यायला बाबा थांबले. मी बाबांसाठी थांबलो नाही.

आज त्या गृहस्थांना मी माझी पाण्याची बाटली दिली.

त्या दिवशीही माझ्या पिशवीत एक होती. भरलेली.