राखीव जागेवरची मुलगी

आमच्या गावावरून शहराकडे जाणाऱ्या सकाळच्या गाडीला कंडक्टर म्हणून एक बाई आहेत. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणतात, आणि त्या एका शब्दात धाक आणि जिव्हाळा दोन्ही आले. गाडी कितीही भरलेली असो, बाई दोन्ही पाय थोडे फाकवून, गुडघे सैल सोडून मधोमध उभ्या. वळणावर गाडी कलंडते, पिशव्या आणि माणसं एकमेकांच्या अंगावर जातात, आणि बाई कशालाही न धरता तिकीट फाडत असतात. कंडक्टरच्या सीटवर त्यांना बसलेलं आम्ही कधी पाहिलं नाही. तिथे नेहमी कुणीतरी दमलेलं माणूस टेकलेलं असतं.

बाईंचा जीव एका शब्दात आहे. तो शब्द म्हणजे 'राखीव'. खिडकीच्या वर रंगवलेला तो शब्द त्या स्वतःच्या अब्रूसारखा जपतात. म्हाताऱ्यांसाठी ठेवलेल्या जागेवर एखादा धडधाकट गडी झोपेचं सोंग घेऊन बसला, की बाई त्याच्या कानाशी वाकतात आणि मायेने विचारतात, "आजोबा, तब्येत कशी आहे?" सगळी गाडी हसते. 'आजोबा' कान लाल करून उठतात.

त्यांना एकच मुलगी. काटक अंगाची, वयाच्या मानाने उंच. सुट्टी असली की ती आईबरोबर फेरीला यायची आणि आईसारखंच न धरता उभं राहायला शिकायची. शिकता शिकता आमच्यातल्या कितीजणांच्या मांडीवर येऊन आपटली असेल, त्याचा हिशोब नाही. डेपोच्या मागे बास्केटबॉलचं एक जुनं मैदान आहे. बाईंची फेरी संपेपर्यंत मुलगी तिथे खेळायची. तिथल्या पोरींची ती म्होरकी. बॉल कुणाच्याही हातात गेला, तरी फिरून हिच्याकडेच यायचा, वासरू गायीकडे यावं तसा.

एक दिवस शहरातल्या मोठ्या संघाचे सर कुंपणापाशी थांबले. बराच वेळ पाहत राहिले. मग बाईंना म्हणाले, "हिला धक्का लागला तरी ही जागची हलत नाही. कुठे शिकली?"

"गाडीत," बाई म्हणाल्या.

सरांना ती थट्टा वाटली. ते म्हणाले, "आमचा संघ शनिवार-रविवार बाहेरगावी सामने खेळायला जातो. हिला घ्यायचा विचार आहे. पहिलं वर्ष राखीव."

"राखीव?"

"हो. विचार करून सांगा."

विचार कसला करायचा! दुसऱ्या दिवशी बाईंनी प्रत्येक तिकिटाबरोबर ती बातमी वाटली. "पहिल्याच वर्षी राखीव! बाकीच्या पोरींनी धडपडून जागा मिळवायची. आमच्या हिची आधीच ठरलेली. कुणी उठवू शकत नाही!" भाजीवाल्या मावशींनी बाईंच्याच तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, शाळेच्या मास्तरांनी बाईंचं अभिनंदन केलं. आम्हीही टाळ्या वाजवल्या. त्या शब्दाला दुसरा अर्थ असतो, हे आम्हाला तरी कुठे ठाऊक होतं?

ठाऊक होतं ते एकट्या ड्रायव्हरदादांना. तरुणपणी ते फुटबॉल खेळलेले. काही दिवस त्यांनी कळ काढली. मग शेवटच्या थांब्यावर, चहा पिताना, घसा साफ करून म्हणाले, "बाई, एक सांगू? रागावणार नसाल तर."

"आधी सांगा, मग ठरवते."

"खेळात राखीव म्हणजे खेळायचं नसतं. बाकावर बसायचं. कुणी पडलं, दमलं, तरच आत."

बाईंचा कप ओठांपाशी थांबला. "म्हणजे माझी मुलगी गावोगाव जाणार ती बसायला?"

"तसंच म्हणा."

"बसायला आमच्या घरी काय कमी खुर्च्या आहेत?"

ते मात्र खरं होतं. बाईंचे यजमान खुर्च्या आणि सोफ्यांच्या गाद्या नव्याने भरून देतात. पुढच्या खोलीत लोकांच्या खुर्च्या पोट फाडून पडलेल्या असतात, स्प्रिंगा बाहेर, काथ्या सगळीकडे. संध्याकाळी बाई त्यातून वाट काढत आत शिरल्या. यजमान तोंडात बारीक खिळे धरून एका आरामखुर्चीला कापड ठोकत होते.

"अहो, ऐकलंत का? राखीव म्हणजे बाकावर बसायचं!"

यजमानांनी एकेक खिळा तोंडातून काढला. "मग? बसण्याला नावं ठेवू नकोस. आपलं घर त्याच्यावरच चालतं."

"थट्टा पुरे! इथे पोरगी पूर्ण वेळ खेळते. सगळं मैदान तिच्या नावाने ओरडतं. तिथे शनिवार गेला, रविवार गेला, मैत्रिणी गेल्या, आणि मिळालं काय? बाक!"

"मला कशाला सांगतेस? जिला जायचंय ती दारात उभी आहे."

मुलगी खरंच दारात होती. बॉल कमरेशी धरून ती म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"राखीव म्हणजे काय ते. सर म्हणाले तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस, भवाने?"

"तू इतकी खूश होतीस. अख्ख्या गाडीला सांगत सुटलीस. मध्ये कशाला मोडता घालू?"

यजमानांना असं हसू फुटलं की हातोडी खाली ठेवावी लागली. बाईंना हसावं की रागवावं कळेना. "उद्याच सरांना नाही म्हणून सांगते," त्या म्हणाल्या.

मुलीचं तोंड एवढंसं झालं. "एकदा बघायला तरी ये ना. रविवारचा सामना इथेच आहे. सरांनी मला त्यांच्यात बसायला बोलावलंय. बघ, आणि मग खुशाल नाही म्हण."

रविवारी बाईंनी रजा टाकली. प्रेक्षकांना बसायला पायऱ्या होत्या, पण बाई कठड्याशी उभ्या. त्यांची मुलगी बाकाच्या अगदी टोकाला, संघाच्या, गुडघ्यापर्यंत येणाऱ्या बनियनमध्ये. खेळ सुरू झाला आणि बाई तो सोडून बाकच पाहत राहिल्या. बॉल इकडे आला की मुलगी इकडे झुकायची, तिकडे गेला की तिकडे. कुणी बाहेर आलं की पाण्याची बाटली पुढे करायची. एकदाही तिला कुणी आत बोलावलं नाही. शेवटी बाईंना राहवेना. "अहो सर," त्या गाडीतल्या आवाजात गरजल्या, "त्या खेळणाऱ्या उंच मुलीला उठवा की आता! केव्हाची दमलीय ती! मागे माणसं उभी आहेत!"

अख्खं मैदान वळून बघू लागलं. मुलीने बनियन डोक्यावर ओढून घेतला.

सरांचा संघ सामना हरला. घरी चालत येताना बाई भराभर पावलं टाकत होत्या. मुलगी मात्र नळ सुटावा तशी सुटली होती. "ती सात नंबरची पाहिलीस? बघते उजवीकडे आणि बॉल देते डावीकडे! कशी ते मला अजून कळलंच नाही. आणि ती ठेंगणी, उडी मारायच्या आधी श्वास रोखते, तू नीट बघ पुढच्या वेळी…"

"पण तुला एकदाही आत घेतलं नाही."

"नाही घेतलं."

"वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना. खूप." तिने रस्त्यातला एक खडा पायाने उडवला. मग म्हणाली, "आई, आपल्या मैदानावर मला सगळंच येतं. सगळ्याजणी बॉल मलाच देतात. हल्ली कंटाळा येतो गं. इथे मला काहीच येत नाही. किती मजा आहे!"

बाई रस्त्यातच थांबल्या. बाजूने सायकली जात होत्या, एका दुकानाचं शटर कुणीतरी वर ढकलत होतं. आपल्याला काही येत नाही, या गोष्टीने एवढं उजळलेलं तोंड त्यांनी आधी पाहिलं नव्हतं.

"जा," त्या म्हणाल्या. "पण बसायचं तर पाठ ताठ ठेवून बसायचं. आणि आता मला सगळ्या गाडीला राखीवचा अर्थ सांगत बसावं लागणार."

"मी सांगू?"

"काही नको. दवंडी मी पिटली, मीच सांगेन."

आणि सांगितलं. सोमवारी भर गाडीत, मधोमध उभ्या राहून. "ऐका हो सगळे. राखीव म्हणजे बाक. मला चुकीचं कळलं होतं. माझी मुलगी बाकावर बसणार आहे, आणि आनंदाने बसणार आहे. हं, तिकीट कुणाचं राहिलंय?"

मग भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "बसू दे गं. तुझीच मुलगी ती. कुणाला ना कुणाला उठवल्याशिवाय राहते होय?" आणि गाडीभर हशा पिकला.

शनिवारी संघाची छोटी गाडी डेपोच्या फाटकापाशी उभी राहिली. आमची गाडी सुटायला वेळ होता, म्हणून आम्हीही उतरून पाहायला गेलो. यजमान लगबगीने आले. त्यांच्या काखेत चांगली जाड, नवी शिवलेली गादी. "बाक कडक असतो," ते म्हणाले. मुलगी लाजून लाल झाली, पण गाडीतल्या पोरींनी ती गादी हिसकावून घेतली आणि तिच्यावर कुणी बसायचं यावरून आत जे युद्ध पेटलं, ते विचारू नका.

दार लागलं. बाई पुढे झाल्या आणि रोजच्या सवयीने गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. दोनदा वाजलं की निघायचं, हे ड्रायव्हर माणसाच्या हाडात भिनलेलं असतं. गाडी सुटली.

सर अजून खालीच होते, बॉलची जाळी खांद्याला लावून बुटाची नाडी बांधत. "अहो, थांबवा! थांबवा!" करत ते धावले. जाळीतले बॉल त्यांच्या पाठीवर दणादण आपटत होते. बाईंनी कपाळावर हात मारला. आणि खिडक्या-खिडक्यांतून सगळ्या पोरी ओरडत होत्या. त्यांच्यात सर्वांत मोठा आवाज आमच्या नव्या राखीव खेळाडूचा:

"सर, पळा! अजून जोरात! गुडघे वर!"