तोंडात गोळी, पडद्यावर गाणं

उल्हासनगरच्या एका कॉलेजात मी पोरांना व्हिडिओ करायला शिकवते. मार्कलिस्टा दरवर्षी ऑफिसात जमा होतात, किस्से मात्र माझ्याकडेच साठत जातात. त्यातले बहुतेक ‘गोळीच्या तासा’चे.

म्हणजे असं. प्रत्येकाने एका गाण्याचा व्हिडिओ करायचा आणि कच्चा कट वर्गाला दाखवायचा. वर्ग सांगणार, काय आवडलं, काय खटकलं. ज्याचा व्हिडिओ, त्याने तोंडात लिमलेटची गोळी ठेवायची आणि ती विरघळेपर्यंत गप्प बसायचं. नाहीतर सगळा तास बचावातच जातो!

पहिल्याच तासाला अंबरनाथच्या गणेशला कोणीतरी म्हणालं, "सुरुवात फार लांबलीय." कडाम! गणेशने गोळी चावून गिळलीसुद्धा.

"मॅडम, संपली. आता बोलू?"

*

गणेशचं ते पाहून पोरं कोणाला दुखवेनात, म्हणून मी मतं नाव न घालता चिठ्ठीवर लिहायला लावली. तर सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच, "मस्त!" मी वैतागून त्या शब्दावर बंदी घातली. पुढच्या तासाला पहिलीच चिठ्ठी उघडली.

"मस्त लिहायला बंदी आहे, म्हणून छान."

*

लोकेशला मात्र भीड नाही. त्याच्या वडिलांचा उल्हासनगरच्याच कॅम्प तीन भागात जीन्सचा कारखाना आहे. गणेशच्या व्हिडिओत हीरोचा प्रेमभंग झालेला, तो पाठमोरा रडत चाललाय, मुली हळहळतायत. लोकेशने हात वर केला.

"रोना ठीक है भाई, पण जीन्सचा टॅग मागे लटकतोय!"

एडिट करताना गणेशने तो शॉट पन्नासदा पाहिला होता.

*

त्यानंतर गणेशने धसका घेतला आणि प्रत्येकाचं ऐकलं. एक म्हणाला संथ कर, दुसरी म्हणाली फास्ट कर, तिसऱ्याला ब्लॅक अँड व्हाइट हवं होतं. फायनल कटमध्ये तिन्ही गोष्टी होत्या!

"मॅडम, कोणाचं मन नाही मोडलं."

गाणं मोडलं होतं.

*

आणि बदलापूर गावातली स्नेहल. तिने घेतला होता धवला, आगरी लग्नात बायका गातात ते गाणं. बाईचा आवाज असा खणखणीत की मागच्या बाकांवरची पोरंही पुढे सरकली. पडद्यावर मात्र शेत, नदी आणि नटूनथटून नाचणारी स्नेहल.

"गाणारी बाई कुठेय?" एकीने विचारलं. मग सगळ्यांनीच विचारलं.

स्नेहलने गोळी पूर्ण विरघळू दिली. मग म्हणाली, "आई आहे माझी. लग्नांत धवले गाते. मला वाटलं, तुम्ही हसाल."

मला तिचा राग आला. कारण, तिनेच सांगितलं, आई घरी रोज विचारत होती, "माजा व्हिडिओ कवा दाखवशील?" आणि त्यात ती कुठेच नव्हती.

"असली माल गोदाम में," लोकेश म्हणाला, "और शोकेस में तू खडी है!"

कोणी हसलं नाही. स्नेहलने घरी जाऊन सगळं नव्याने शूट केलं. अंगणात गाणारी आई, तांदूळ निवडताना गुणगुणणारी आई. स्वतःचे सगळे शॉट तिने काढून टाकले. पुढच्या तासाला ती आईलाच घेऊन आली. माऊली पदर सावरून पहिल्या बाकावर बसली.

व्हिडिओ संपला. टाळ्या थांबेनात. मी आईंनाही विचारलं, "काय आवडलं, काय खटकलं?"

त्या अजून पडद्याकडेच बघत होत्या.

"सगला बेस हाय," त्या म्हणाल्या. "पन यात माजी पोर कुठं दिसत नाय?"