कोंबड्यासाठी प्रार्थना

आमच्या समोरच्या खोलीतली काजाबटणवाली मावशी दर रविवारी चर्चला जाता-येता मार खायची. कोंबड्याचा. बोळाच्या तोंडाशी इस्त्रीवाल्याचं दुकान, आणि हा तांबडा कोंबडा त्याचा. सगळे त्याला फौजदार म्हणत. तो बाकी कुणाच्या वाटेला जायचा नाही, पण मावशी दिसली की मान फुगवून अंगावर. छत्री उघडली तर छत्रीवर, पळाली तर पोटऱ्यांवर. बोळाला दुसरी वाट नव्हती. इतर दिवशी मावशी बाहेर पडतच नसे. काजं करायचे शर्ट शिंपी घरी आणून द्यायचा.

"एखादा रविवार चुकव की गं," मी म्हणायचे.

"आज कोंबड्यासाठी चुकवला, तर उद्या गुडघ्यासाठी चुकवीन," मावशी म्हणायची. "मग प्रभूला काय सांगू? कोंबडा आडवा आला म्हणून?"

चर्चच्या पाळकसाहेबांची तर वेगळीच तऱ्हा. मावशीच्या पोटरीवरच्या जखमा बघून ते प्रसन्न व्हायचे. "सोसा, बाई. अशानेच विश्वास घडतो. बायबलात एका कोंबड्याच्या आरवण्याने प्रभूच्या मोठ्या शिष्यालासुद्धा रडवलं होतं." हे ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पोटरी काय त्यांची होती?

पण खरं दुखणं घरात होतं. मावशीचा नवरा, आमचे घड्याळवाले काका, अर्धांगवायूने खाटेला खिळलेले. वाचा गेली होती. गिळता येत होतं, पण माणसाने सगळा राग खाण्यावर काढला. पाण्याचे घोट तेवढे घ्यायचे. चमचा दिसला की दात घट्ट. डॉक्टर हरले, पाळकसाहेब हरले, मीही हरले. मावशी कधी गयावया करत, कधी चिडत चमचा पुढे करायची आणि काका भिंतीकडे तोंड फिरवायचे.

अशाच एका रविवारी मावशी चर्चहून परतली ती केस सुटलेली, एक चप्पल हातात. नेहमीसारखी नवऱ्याला उपदेश सांगायला बसली, पण उपदेशाच्या आधी कोंबडाच आला. "अहो, मी छत्री पुढे धरली, तर मेला आत शिरून बसला! मिटली, तर आतून आरवला!" काकांची छाती हलायला लागली. मग तोंड उघडलं, आणि काका आवाजाविना हसू लागले. हसू ओसरलं, पण तोंड मिटायच्या आत मावशीने चमचाभर सूप आत सारलं. मी बघतच राहिले.

तेव्हापासून तोच नेम झाला. रविवारचा मार आठवडाभर पुरवायचा. सोमवारी छत्री, मंगळवारी चप्पल. शुक्रवारपर्यंत गोष्ट शिळी व्हायची आणि शनिवारी काका जेमतेम चाखल्यासारखं करायचे. रविवारी मावशी चर्चला गेली की मी त्यांच्यापाशी बसायचे, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखतचं.

मग फौजदाराने एक चूक केली. मावशीला घरी पोचवायला आलेल्या पाळकसाहेबांची पोटरी धरली. त्याच संध्याकाळी चर्चच्या पंचांची बैठक भरली. विश्वास घडवण्याची भाषा तिथे कुणीही काढली नाही. इस्त्रीवाल्याने निमूटपणे कोंबडा शहराच्या दुसऱ्या टोकाला, बहिणीकडे नेऊन सोडला.

पुढच्या रविवारी मावशी एकही केस न विस्कटता घरी आली आणि दारातच रडवेली झाली. रचून सांगायला गेली, पण तिच्या थापा काकांनी संसारभर ओळखलेल्या. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. सोमवारी भिंत, मंगळवारी भिंत. "आता नाकातून नळी घालावी लागेल," डॉक्टर म्हणाले. काकांच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. मला ते बघवेना.

"चल," मावशी मला म्हणाली, "कोंबडा आणायचाय."

इस्त्रीवाल्याच्या बहिणीने कोंबडा मागायच्या आधीच काढून दिला. "न्या बाई, लवकर न्या. आमचे हे पलंगावरून खाली उतरायला तयार नाहीत." पण बसमध्ये टोपलीतला फौजदार अगदी चिडीचूप. मावशी झाकण उचलून त्याला डिवचत होती, तो मान आखडून बसलेला. "ह्याची रगच गेली की काय गं?" मावशी दर थांब्याला विचारत होती.

शनिवारी ती कधी नव्हे ती मला घेऊन प्रार्थनासभेला गेली आणि तिथे उभी राहिली. "प्रभू, तू मला दिलेलं संकट पंचांनी काढून घेतलं. मी ते मागून परत आणलंय. आता त्यात पहिल्यासारखा राग घाल. माझ्या माणसाला जेवायचंय." मंडळी एकमेकांची तोंडं बघायला लागली. पाळकसाहेबांनी वाकून पोटरी चोळली आणि जरा वेळाने आमेन म्हटलं. तेवढ्यासाठी मी त्यांना बरंच माफ केलं.

रविवारी मी खिडकीत उभी होते. मावशी इस्त्रीच्या दुकानापुढे पुन्हा सोडलेल्या फौजदारासमोरून गेली. त्याने दाणा टिपला. ती मागे फिरून पुन्हा समोरून गेली. त्याने पाठ फिरवली. शेवटी उपासनेची वेळ झाली तशी ती मान खाली घालून निघून गेली. मी काकांना काही सांगितलं नाही. डॉक्टर दुसऱ्या दिवशी नळी घेऊन येणार होते.

उपासना सुटायच्या सुमाराला बोळात आधी काहीतरी कडकन मोडलं. मग पंखांची फडफड, मग मावशीची आरोळी, "अरे मेल्या! अरे माझ्या राजा!" भिंतीकडचं डोकं हळूहळू वळलं. काका दाराकडे बघू लागले.

मावशी आत आली. हातात मोडकी छत्री, एक बाही लोंबत होती, पोटरीतून रक्त येत होतं, केसांत तांबडं पीस. काकांनी तिला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि आपणहून तोंड उघडलं. मी सुपाची वाटी पुढे केली. ती घेऊन मावशी खाटेच्या कडेला टेकली, बाहीने डोळे पुसले.

"थांबा हो जरा," ती म्हणाली, "आधी पहिल्यापासून सांगू तर द्या."