आखरी हात कोनाचा?

मेहबूबचाचा गेल्याचा फोन सकाळी नवाच्या सुमारास आला. आखाडा बाळापूरहून त्यांच्या मुलानं एवढंच सांगितलं, दुपारच्या नमाजानंतर माती आहे... आबांना आणा. आबा म्हणजे माझे वडील. सेनगाव-हिंगोली रस्त्यावर तीस वर्षं जीप चालवलेले, आणि चाचांशिवाय दुसऱ्या कुठल्या मिस्त्रीला तिच्या इंजिनाला हात लावू न दिलेले. आता त्यांना दिसतं कमी, म्हणून जीप मी चालवते. आबा धोतर बदलून शेजारच्या सीटवर बसलेसुद्धा. मी चावी फिरवली. इंजिन गरगर फिरलं, पण पेटलं नाही. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. गावची एसटी निघून गेलेली, शेजाऱ्याची गाडी हळद घेऊन वसमतला. पुढं पासष्ट-सत्तर किलोमीटरचा रस्ता.

"मार की सेल्फ," आबा म्हणाले. "मिस्त्रीला माती द्यायची राहिली तर मी तोंड कुठं दाखवू?"

पण चाचांचा नियम होता, सेल्फ तीनदाच मारायचा. पुढं बॅटरी बसते. आणि पाना हातात घ्यायच्या आधी ते ड्रायव्हरच्या सीटवर बसायचे, दोन्ही हात मांडीवर ठेवून विचारायचे, "गाडीला आखरी हात कोनाचा?" मग उत्तर येईपर्यंत गप्प. म्हणायचे, "गाडी सोताहून बिगडत न्हाई, बेटी. कोनीतरी बिगडवते, आन् मंग सांगायला लाजते."

ते मला चांगलं माहीत होतं. आमचं घर मेंढरं राखणाऱ्यांचं, कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी आजही ताठ मानेनं सांगते. बी.एस्सी.च्या शेवटच्या पेपरच्या दिवशी जीपचं इंजिन असंच नुसतं फिरत होतं, पेटत नव्हतं. चाचा नशिबानं गावात कुणाच्या तरी ट्रॅक्टरसाठी आलेले. त्यांनी तोच प्रश्न विचारला आणि माझ्याकडं बघितलं. मी नजर दुसरीकडं वळवली. जुन्या डिझेल जीपला इंजिन बंद करायला डॅशबोर्डखालची मूठ ओढावी लागते. ती बाहेर राहिली तर डिझेल पुढं जात नाही. मी माझी पुस्तकांची जड पिशवी नेमकी त्या मुठीला अडकवली होती. चाचांनी पिशवी काढून माझ्या मांडीवर ठेवली, मूठ आत ढकलली, बॉनेट उगाच उघडून लावलं आणि आबांना म्हणाले, "हवा धरली होती." पेपर मिळाला. पुढच्या खेपेला त्यांनी डॅशबोर्डला जाड तारेचा एक आकडा बसवून दिला. कशाला, ते कोणीच विचारलं नाही.

त्या सकाळी मात्र मूठ आतच होती. टाकीत डिझेल होतं. तिसरा सेल्फ मारला तेव्हा आवाज जड झाला. अकरा वाजायला आले होते. मी हात मांडीवर ठेवले.

"आबा, आखरी हात कोणाचा?"

"मला काय म्हाईत."

मी गप्प राहिले. फार जड गेलं ते.

"काल डिझेलच्या फिल्टरमधलं पानी काढलं म्या," आबा दुसरीकडं बघत म्हणाले. "दिसत न्हाई म्हनून काय झालं, हाताला कळतं की."

मी उतरून बॉनेट उघडलं. फिल्टरच्या बुडाचा स्क्रू अर्धवट सैल होता. बोटाला डिझेल लागलं, म्हणजे तिथूनच आत हवा शिरली होती. तो आवळला, हवा निघायला वरचा स्क्रू ढिला केला आणि डिझेलचा छोटा हातपंप दाबत राहिले. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग स्वच्छ धार. तोही आवळला. आता बॅटरीत एखादाच सेल्फ उरला असेल... इंजिन अडखळलं, धडधडलं.

"काय झालं व्हतं गं?"

"हवा धरली होती."

हिंगोली मागं पडली. आबा आकड्याला हात लावून म्हणाले, "पेपरच्या दिशी हवा न्हवती. पिशवी व्हती. हे काहून बसवलं त्यानं, मला कळत न्हाई व्हय?"

आम्ही पोचलो तेव्हा जनाजा कब्रस्तानाच्या फाटकात शिरत होता. चाचांच्या मुलानं आबांचा हात धरून त्यांना आत नेलं. मी बाहेर जीपमध्ये बसून राहिले. इंजिन बंद करायची हिंमत झाली नाही. आबा आले, हाताची माती न झटकता बसले. मग मी ती मूठ ओढली.

महिना होऊन गेला. शाळेत शिकवायला निघताना मी पिशवी त्याच आकड्याला लावते, तरी मूठ एकदा चाचपून बघते. आबा ओट्यावर बसलेले असतात. मी विचारायच्या आधीच सांगतात, "काल आखरी हात माझा व्हता. बघून घे."