अक्काताईंची मापाची वही

अक्काताई मापाआधी गिऱ्हाइकाची हजेरी घ्यायच्या. "मागच्या दिवाळीचा ब्लाऊज आटलाय हो," असं मी एकदा म्हणाले. चष्म्यावरून माझ्याकडे बघत त्या म्हणाल्या, "कापड न्हाई आटलं वैनी, दिवाळी अंगाला लागली." इस्लामपुरात ब्लाऊज शिवणाऱ्या गोड बोलणाऱ्या बायकाही होत्या, पण त्यांचे ब्लाऊज काखेत काचायचे. म्हणून आम्ही सगळ्या मुकाट्याने अक्काताईंची बोलणी खायला जायचो.

एक्याण्णव-ब्याण्णव साल असेल. माझी वैशाली नववीत होती. खो-खोच्या संघातली पोरगी अचानक खेळ सोडून बसली, पोक काढून चालू लागली आणि मे महिन्यातही स्वेटर घालू लागली. वयाच्या मानाने तिची छाती फारच जड झाली होती. आई या नात्याने मी खोल विचार केला आणि जालीम उपाय शोधून काढला: आणखी ढगळ कपडे.

तो उपाय शिवून घ्यायला तिला अक्काताईंकडे नेलं. "सैल शिवा, काही दिसायला नको."

"पोरगी दडवायची हाय व्हय? मग गोधडीच शिवती की!"

पण माप घेताना त्या गप्प झाल्या. अक्काताई गप्प झालेल्या गावात कोणी पाहिल्या नव्हत्या. वैशालीच्या दोन्ही खांद्यांवर पट्ट्यांचे खोल वळ होते. एका जागी कातडी सोलवटली होती. मला पत्ताच नव्हता. तिचे गणिताचे मार्क मात्र तोंडपाठ होते.

"मान दुखती का गं? पाठ?" वैशालीने दोन्हींना होकारार्थी मान हलवली. अक्काताईंनी टेप गुंडाळली. "आवं वैनी, हे शिलाईचं काम न्हाई. डाक्टरचं हाय. सांगलीला न्या हिला."

मग सल्ल्यांचा हंगाम सुरू झाला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी "लग्नानंतर सगळं ठीक होतं" हे औषध दिलं. साताऱ्याहून आलेल्या माझ्या नणंदेने वैशालीचं दूध-तूप बंद करायला सांगितलं आणि सांगलीचा डॉक्टर प्लास्टिक सर्जन आहे हे ऐकताच विचारलं, "म्हणजे आत प्लास्टिक बसवणार?" वैशालीचे बाबा हा विषय निघाला की पेपर उघडायचे. त्या वर्षी त्यांनी शेअर बाजाराचं पानसुद्धा मन लावून वाचलं. घरात एकही शेअर नव्हता.

शेवटी सांगलीला एसटीने आम्ही तिघीच गेलो: मी, वैशाली आणि अक्काताई. बाबांना साखर कारखान्यात तातडीचं काम होतं. गळीत हंगाम कधीच संपला होता, ही गोष्ट वेगळी. सर्जननी नीट समजावलं. छाती कमी करायचं ऑपरेशन करता येतं, पण व्रण राहतात. पुढे बाळाला पाजताना अडचण येऊ शकते. आत्ता घाई नको. वाढ थांबू दे, वर्षभर माप बदललं नाही की या.

"आणि हिच्या लग्नाचं काय, डॉक्टर?" मी विचारलं.

"डाक्टर," अक्काताई म्हणाल्या, "पोरगी हितं बसलीया. तिला काय पायजे त्ये इचारा की."

वैशाली खाली बघत म्हणाली, "मला पळायचंय."

पुढची तीन वर्षं अक्काताई तिच्यासाठी रुंद पट्ट्यांच्या, आतून मऊ अस्तराच्या बॉड्या शिवत होत्या. दर तीन महिन्यांनी माप घेऊन वहीत लिहीत होत्या. बारावीची परीक्षा झाली तेव्हा वर्षभराची मापं सारखीच निघाली. सर्जननी ती वही उलटसुलट करून विचारलं, "कुठल्या लॅबची?"

"माझ्या मशिनीची," अक्काताई म्हणाल्या.

ऑपरेशन नीट पार पडलं. मी नातेवाइकांना अपेंडिक्स सांगितलं होतं. नणंदबाई सफरचंदं घेऊन थेट वॉर्डात उगवल्या. वैशाली झोपली होती. "अपेंडिक्स ना? मग पट्टी छातीला कशी?" मी आतड्यापासून छातीपर्यंत इन्फेक्शन चढवण्याच्या बेतात होते, तेवढ्यात अक्काताई स्टुलावरून म्हणाल्या, "छातीचं वझं हुतं, कमी क्येलं. लय तरास हुता पोरीला. तुमचा मोतीबिंदू काढला तवा कुणाला अपेंडिक्स सांगितलंतं व्हय?"

नणंदबाई सफरचंदं ठेवून निघून गेल्या. मी अक्काताईंवर चिडले. "तुम्हाला कोणी मध्ये बोलायला सांगितलं होतं?"

"तुमीच लाजत ऱ्हायला, तर पोरीनं कुणाकडं बघून मान वर करायची?"

हे मला इतकं झोंबलं, की मी त्यांच्याकडे जाणंच बंद केलं. वैशाली पुण्याला कॉलेजात गेली, सकाळी मैदानावर पळू लागली. मी माझा मान सांभाळत बसले. वर्षभराने तो थोडा आटोक्यात आला तेव्हा कापड घेऊन गेले, तर दुकानाला कुलूप. डोळे अधू झाले म्हणून त्या लोणंदला भावाकडे गेल्या होत्या. एकदा जाऊन यायचं मी ठरवलं. बरीच वर्षं ठरवतच होते. मग त्यांच्या भाच्याचं पत्र आलं. अक्काताई गेल्या होत्या.

वैशाली सुट्टीला घरी आली होती. पत्र वाचून तिने ते घडी करून माझ्या हातात दिलं.

"आई, वॉर्डात अक्काताई आत्याला बोलल्या ना, तेव्हा मी जागी होते."

"मग डोळे का मिटले होतेस?"

"उघडले असते तर त्या थांबल्या असत्या."