मीठ चवीपुरतं

धाकट्या बहिणीचे यजमान, आमचे मेहुणेबुवा, हाडाचे स्वयंपाकी. त्यांच्या एका हॉटेलाच्या अकरा शाखा झाल्या, तेव्हा त्यांनी सगळीकडे सूपची कृती लिहून पाठवली. त्यात लिहिलं, "मीठ चवीपुरतं." झालं! अकरा आचारी, अकरा जिभा! कुठे सूप अळणी, कुठे खारट. गिऱ्हाईक पांगलं आणि पाच वर्षांत दहा शाखांना कुलपं लागली.

बहीण म्हणाली, "अहो, उरलेली एक तरी वाचवा. चमचे मोजून लिहा."

मेहुणे कागद घेऊन बसले आणि अडले. मीठ त्यांनी जन्मात मोजलंच नव्हतं! शेवटी कागद फाडून स्वतःच शेगडीपाशी उभे राहिले.

परवा मी गेलो, तर बसायला जागा नाही. मेहुणे आतूनच ओरडले, "दादा, तुम्ही घरचेच! थांबा जरा बाहेर!"